जांघेतली गाठ प्रत्येक वेळी अवधाण नसते

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका मावशींची बेळगावात अँजिओप्लास्टी झाली. जांघेतून नळी घालून हृदयाच्या शिरेत स्प्रिंग बसवली. छातीतली कळ थांबली आणि तिसऱ्या दिवशी मावशी घरी गेल्या. आठवड्यानं तपासणीला आल्या तेव्हा ईसीजी चांगला होता, बीपी चांगलं होतं, डॉक्टरही खूश होते. सगळं आटपून निघताना सून दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, आत्तींना जांघेत अवधाण आलंय. मी रोज शेकतो की." (आमच्या भागात बायकाही 'मी शेकतो', 'मी येतो' असंच म्हणतात.)

पडद्याआड नेऊन मी लुगडं बाजूला केलं. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. मी तिच्यावर दोन बोटं ठेवली आणि प्रत्येक ठोक्याला बोटं वर उचलली जायला लागली.

अवधाण कधी उडत नाही. पायाला काटा लागला, टाच फुटून पू झाला की जांघेतल्या गाठी सुजतात आणि दुखतात, ते अवधाण. नाडीसारखी उडणारी गाठ म्हणजे शिरेतलं रक्त बाहेर येतंय. तिला शेकायचं नसतं, चोळायचं नसतं, आणि पिकलेलं गळू समजून तिला चिरा देणं तर जिवावर बेततं.

मी बरीच वर्षं कॅथलॅबच्या, म्हणजे जिथं अँजिओ करतात त्या खोलीच्या, बाहेरच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम केलं. एक गोष्ट मला कायम खटकत आली. अँजिओ होऊन आलेल्या माणसाला भेटायला गावातून चाळीस माणसं येतात आणि सगळी छातीचीच विचारपूस करतात. नळी जिथून घातली त्या जागेबद्दल कोणी विचारत नाही. जागाच तशी आहे. सासू सुनेला दाखवत नाही, बाप पोराला दाखवत नाही. पण घरी गेल्यावरचे त्रास पुष्कळदा नेमके तिथंच सुरू होतात. म्हणून हा लेख त्या जागेबद्दल आहे.

जांघेत बाहेरून आत काय काय असतं ते आधी बघू. मांडीच्या बाहेरच्या अंगानं मोजायला लागलं तर आधी नस, म्हणजे संवेदना नेणारी नर्व्ह. मग पायाला शुद्ध रक्त नेणारी धमनी, साधारण पेन्सिलीएवढी जाड. तिला लागून आतल्या बाजूला अशुद्ध रक्त परत नेणारी शीर. बोलताना आपण दोघींनाही शीर म्हणतो, पण इथं फरक करायलाच हवा. धमनीत रक्त ठोक्यागणिक जोरात उसळतं, शिरेत संथ वाहतं. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी धमनीतून करतात. वातज्वरानं आकसलेली झडप फुग्यानं उघडतात किंवा हृदयाच्या पडद्यातलं भोक बंद करतात ते बहुतेक वेळा शिरेतून. शिरेतलं भोक थोडा वेळ दाबलं की मिटतं. त्रास देते ती मुख्यतः धमनी.

पूर्वी धमनीपर्यंत पोचायला कातडी कापून ती उघडी करावी लागे. स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली सोपी रीत मांडली. पोकळ सुई धमनीत टोचायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत घालायची. आजही कॅथलॅबमध्ये हेच चालतं. आत राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीला शीथ म्हणतात. तिचं माप 'फ्रेंच'मध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. साध्या अँजिओप्लास्टीला बहुधा ६ फ्रेंचची, म्हणजे २ मिलिमीटरची नळी लागते. छाती न उघडता महाधमनीची झडप बदलायची, ज्याला टावी म्हणतात, तिला १४ फ्रेंच किंवा त्याहून मोठी. भोक जेवढं मोठं, तेवढी जोखीम वाढते.

सुई कुठे टोचली यालाही तेवढंच महत्त्व आहे. खुब्याच्या हाडाचं गोल डोकं जांघेत धमनीच्या बरोबर मागे असतं. तिथं टोचलं तर नंतर धमनी त्या हाडावर दाबून धरता येते, पाट्यावर ठेवून दाबल्यासारखी. त्याच्या वर टोचलं गेलं तर मागे हाडाचा आधार नाही आणि रक्त पोटामागच्या पोकळीत शिरू शकतं. खाली टोचलं गेलं तर धमनीला तिथं फाटे फुटलेले असतात, मागे मऊ स्नायू असतो, दाब नीट बसत नाही आणि गाठ होण्याची शक्यता वाढते. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर आधी सोनोग्राफीत धमनी बघतात आणि मगच सुई टोचतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते ती दोन मिनिटं प्रत्येक पेशंटला मिळायला हवीत.

नळी काढणं हे आमचं काम. अँजिओप्लास्टीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं, त्याचा असर उतरेपर्यंत काही तास थांबावं लागतं. रक्त किती वेळात गोठतंय ते तपासायचं आणि मग नळी ओढायची. त्या वेळी बोटं कुठे ठेवायची हे नव्या मुलींना शिकवताना मी त्यांचा हात धरून दाखवत असे. कातडीवरचं भोक आणि धमनीतलं भोक एका जागी नसतात. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीतलं भोक कातडीवरच्या भोकापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर असतं. म्हणून तीन बोटं कातडीवरच्या भोकाच्या थोडी वर ठेवायची, तिथली नाडी बोटांखाली पकडायची, नळी ओढायची आणि हात सरळ ठेवून अंगाचा भार बोटांवर द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं. मधेच उचलून बघायचं नाही, कारण नुकती धरलेली खपली एका नजरेपायी सुटते. सुरुवातीला जोर जास्त, मग हळूहळू कमी, आणि सगळा वेळ एक डोळा पायाच्या बोटांच्या रंगावर. शेवटी मनगट बधिर होतं.

त्याच वेळी काही पेशंटना एकदम घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंद होते आणि बीपी खाली येतं. दुखण्यानं आणि भीतीनं असं होतं. पाय वर केले, सलाइन आणि एक इंजेक्शन दिलं की माणूस सावरतो. रक्त जाऊन बीपी उतरतं तेव्हा मात्र नाडी बहुधा जोरात पळते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

दाबून झाल्यावर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. जांघेवर वाळूची पिशवी ठेवायची जुनी पद्धत आहे. तिनं रक्तस्राव कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पेशंटला पाय हलवू नये याची आठवण राहते, एवढाच तिचा उपयोग. पिशवी आहे म्हणून पांघरूण उचलून बघायचं कोणी टाळू नये. काही ठिकाणी धमनीतलं भोक बंद करायला टाका घालणारं किंवा बूच बसवणारं साधन वापरतात. त्यानं लवकर उठता येतं, पण धोका अगदी संपतो असं नाही.

आता घरी गेल्यावर काय दिसतं ते बघू.

बहुतेकांना निळंजांभळं होतं. कातडीखाली थोडं रक्त झिरपतं, ते खाली उतरतं आणि मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी दिसते. बघणाऱ्याला धडकी भरते. पण जागा मऊ असेल, गाठ वाढत नसेल, तर तो डाग हिरवा-पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत जातो. वाटाण्याएवढी, द्राक्षाएवढी बारीक कठीण गाठ महिनाभर हाताला लागू शकते. तीही बहुधा विरते. शंका वाटली तर बॉलपेननं डागाच्या कडेनं रेघ मारून ठेवा. दोन-चार तासांनी डाग रेघेच्या बाहेर गेला, जागा फुगली, टणक झाली, तर दवाखाना गाठा. वॉर्डात आम्हीही हेच करतो.

मावशींची गाठ याच्या पुढची होती. तिला डॉक्टर स्यूडोअॅन्युरिझम म्हणतात. आमच्याकडे भातखाचरांना पाटानं पाणी देतात. पाटाच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं की पाणी बाहेर झिरपतं आणि शेजारी डबकं साचतं. भोक उघडंच राहिलं तर पाणी डबक्यात शिरतं, फिरतं आणि परत पाटात येतं. धमनीचंही तसंच होतं. भोक मिटलेलं नसतं, रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात पोकळी करतं, आणि ठोक्याबरोबर एका अरुंद मानेतून आत-बाहेर खेळतं. त्या पोकळीला धमनीची खरी भिंत नसते, फक्त गोठलेलं रक्त आणि दाबलं गेलेलं मांस यांचं कुंपण असतं. म्हणून चोळणं, दाबणं वाईट. शेकण्यानंही सूज वाढू शकते आणि नुकतंच गोठलेलं रक्त सुटू शकतं. बायका, म्हातारी माणसं, जाड किंवा अगदी किडकिडीत माणसं, बीपी ताब्यात नसलेले, किडनीचे पेशंट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, या सगळ्यांत हे जास्त दिसतं. बायकांची धमनी मुळात बारीक असते.

निदान कलर डॉपलर सोनोग्राफीनं होतं. सुई नाही, दुखत नाही. मावशींच्या डॉपलरला मी बरोबर गेले. पडद्यावर पोकळीत अर्धा भाग लाल, अर्धा निळा, आणि दोन्ही एकमेकांत गरगर फिरत होते. लाल म्हणजे एका दिशेनं जाणारं रक्त, निळं म्हणजे उलट येणारं. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बरेचदा आपोआप बंद होते, तेव्हा फक्त लक्ष ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा डॉपलर करतात. मोठी असेल तर पूर्वी सोनोग्राफीचा प्रोबच गाठीच्या मानेवर दाबून धरत. कधी अर्धा तास, कधी तासभर, आणि पेशंट कळवळायचा. आता सोनोग्राफीत बघत बारीक सुई गाठीत नेतात आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन थेंब-थेंब सोडतात. दहापैकी नऊहून जास्त जणांना यानं गुण येतो. मावशींच्या वेळी मी पडद्याकडे बघत होते. लाल-निळं गरगरणं चालू होतं, आणि काही सेकंदांत सगळं करडं होऊन थांबलं. मावशी विचारत होत्या, "टोचलीस काय अजून?" ऑपरेशन लागतं ते गाठ झपाट्यानं वाढत असेल, वरची कातडी काळी पडत असेल, जंतू शिरले असतील किंवा पायाचं रक्त अडलं असेल तेव्हा.

कधी धमनी आणि शेजारची शीर दोन्ही एकाच सुईनं टोचल्या जातात आणि त्यांच्यात वाट तयार होते. मग धमनीतलं काही रक्त पायात न जाता थेट शिरेत वळतं. तळहाताखाली सतत भिरभिर जाणवते. लहान वाट पुष्कळदा आपली आपण मिटते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली राहायला हवं.

सर्वांत धोक्याचा प्रकार बाहेरून दिसतच नाही, आणि माझं चुकलं ते तिथंच. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. निपाणीकडचे एक मामा दुपारी अँजिओप्लास्टी होऊन वॉर्डात आले. संध्याकाळी म्हणाले, "कंबर लई दुखायल्या." उताणं पडून सगळ्यांचीच कंबर दुखते. मी जांघेची पट्टी बघितली, कोरडी होती. कमरेखाली उशी दिली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. वीस मिनिटांनी मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावला. गार आणि ओला. नाडी पळत होती, बीपी ८०. रक्त पोटामागच्या पोकळीत साचत होतं. तिथं लिटरभराहून जास्त रक्त मावतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. सलाइन, रक्ताच्या बाटल्या, सीटी स्कॅन, सगळी रात्र धावपळ झाली. मामा वाचले. पण ती वीस मिनिटं अजून माझ्या मनातून जात नाहीत.

तेव्हापासून कंबरदुखीची तक्रार आली की मी तीन गोष्टी विचारते. एकाच बाजूला, नळी घातली त्या बाजूच्या कुशीत किंवा ओटीपोटात दुखतंय का? कूस बदलूनही थांबत नाही का? घाम, चक्कर, कासावीस वाटतंय का? यातलं काहीही असेल तर आधी बीपी बघायचं, उशी नंतर. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त जाऊनही नाडी पळत नाही, तेव्हा नाडीवर विसंबून राहायचं नाही. घरच्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण रात्री खाटेशेजारी तेच बसलेले असतात. सिस्टरला दोनदा हाक मारली म्हणून कोणी रागावलं तरी तिसऱ्यांदा मारा.

पायाचं रक्त अडलं तर पाय गार पडतो, पांढरा फटक दिसतो, मुंग्या येतात, बोटं हलेनाशी होतात. दोन्ही पावलांना हात लावून बघा, एक ऊन आणि एक गार लागलं तर सकाळची वाट बघू नका. तासांचा हिशेब आहे. जंतुसंसर्ग मात्र चार-आठ दिवसांनी तोंड दाखवतो. लाली, पू, ताप. साखर असलेल्यांनी जास्त जपायचं.

यावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे जांघेत जायचंच नाही, मनगटातून जायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या रायव्हल या चाचणीत ७,०२१ पेशंट होते. टोचलेल्या जागेचे मोठे त्रास जांघेतून गेलेल्यांत ३.७ टक्के होते आणि मनगटातून गेलेल्यांत १.४ टक्के. आता आपल्याकडेही बहुतेक अँजिओ मनगटातूनच होतात. तरी जांघ सुटत नाही. मनगटाची धमनी फार बारीक किंवा वळणाची असते, डायलिसिससाठी हात राखायचा असतो, झडपेसारख्या कामाला नळीच मोठी लागते. म्हणून आधीच विचारा, "डॉक्टर, हातातून होईल काय?" यात आगाऊपणा काही नाही.

घरी जाताना आमच्या भागाची एक अडचण असते. निपाणीचे लोक बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठतात, अथणीचे मिरजेला जातात, जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला बेळगावाहून पावसात खड्ड्याखड्ड्यांनी परतायचं असतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सांगणारा कधी मराठी, कधी कानडी. कानडीत दुखणं म्हणजे 'नोवु', सूज म्हणजे 'बावु', आणि रक्त दोन्हीकडे रक्तच. एवढे शब्द आले तरी रात्रपाळीच्या सिस्टरला काय होतंय ते सांगता येतं. कार्डावर कोणत्या जांघेतून नळी घातली आणि अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत लिहून मागून घ्या. वडापच्या (शेअर जीपच्या) मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसू नका. पुढची सीट घ्या, पाय लांब ठेवा, वाटेत एकदा उतरून जागा बघा. खोकला, शिंक आली की तळहात जांघेवर धरा.

पहिले काही दिवस उकिडवं बसणं टाळा. संडास भारतीय असेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आणा, नाहीतर शेजाऱ्याची मागून घ्या. जेवायला मांडी घालून बसू नका, भजनातही खुर्चीवर बसा. घागर, पोतं, नातवंड, साधारण पाच किलोच्या वरचं काही आठवडाभर उचलू नका. गाडीला किक मारू नका. लावणीच्या चिखलात वाकणं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मावशींच्या सुनेनं हे ऐकून कपाळावर हात मारला, कारण मृग सरला होता आणि तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, तयार होता.

आणखी एक गोष्ट, फार कळकळीनं. निळं झालं, थोडं रक्त दिसलं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. नव्या स्प्रिंगमध्ये रक्त गोठलं तर हार्ट अॅटॅक येतो आणि तो जांघेतल्या गाठीपेक्षा कितीतरी वाईट. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना फोन करा, दुकानदाराला विचारू नका.

आणि घरीच भळभळा रक्त सुटलं तर माणसाला जमिनीवर उताणं झोपवा, डोक्याखाली उशी नको. लुगडं, धोतर, चड्डी, जे असेल ते बाजूला करा, करगोटा आड येत असेल तर सरकवा. स्वच्छ फडकं घेऊन कातडीवरच्या भोकाच्या दोन बोटं वर, नाडी लागते तिथं, सरळ हातानं भार देऊन दाबा. हळद, चहापूड, राख काही भरू नका. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा आणि गावाच्या तिठ्यावर उभं करा, कारण जंगलपट्टीत गाडीला घर सापडत नाही. हात भरून आला तर दुसऱ्यानं आपला हात आधी तुमच्या हातावर ठेवायचा आणि मग तुम्ही खालून काढायचा. गाडी आली, स्ट्रेचरवर घेतलं, दार लागलं, तरी दाबणाऱ्यानं बोटं उचलायची नाहीत. त्यानं तसंच गाडीत चढायचं.